मामींच्या दोन ट्रंका

जूनमधे एका दुपारी आमच्या चेन्नईच्या बिल्डिंगमधे वरच्या मजल्यावरच्या तमिळ मामींनी बेल वाजवली आणि विचारलं, तुमच्याकडे माळ्यावर जागा आहे का. त्या मुलाकडे बंगलोरला कायमच्या निघाल्या होत्या, पॅकर्सवाले येऊन मोजमाप करून गेलेले मी बघितले होते, मला वाटलं दोन-चार दिवस काहीतरी ठेवायचं असेल, म्हणून मी आपलं सवयीने हो हो आहे ना म्हणून मोकळी झाले. संध्याकाळी वॉचमन आणि अजून एक माणूस दोन लोखंडी ट्रंका घेऊन दारात. मागे मामी, हातात एक वही. "माय गोलू," म्हणाल्या. "सून नोकरी करते, तिला नकोय. यू कीप इट."

आता कीप म्हणजे सांभाळून ठेव असं मी धरून चालले. नवऱ्याने रात्री डोक्यात प्रकाश पाडला. इथल्या इंग्लिशमधे गोलू 'कीप' करतात म्हणजे नवरात्रात मांडतात. 'डू यू कीप गोलू' हे मला चेन्नईत आल्यापासून दरवर्षी कोणीतरी विचारतं आणि मी दरवर्षी नो नो, वी आर महाराष्ट्रियन म्हणून सुटते. यावेळी सुटका नव्हती, माल घरात येऊन पडला होता.

ज्यांनी बघितलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. नवरात्रात घरात पायऱ्या रचायच्या, विषम आकड्यात, तीन पाच सात नऊ जशी जागा असेल तशा, त्यावर पांढरं धोतर अंथरायचं आणि त्यावर बाहुल्या मांडायच्या. देव, संत, लग्नाची वरात, वाणी, भाजीवाली, सगळेच. तमिळमधे कोलू म्हणजे राजाचा दरबार, देवी दरबार भरवून बसली आहे असं मानतात. बोली भाषेत गोलू. आंध्रात बोम्मल कोलुवू, कर्नाटकात गोंबे हब्ब. रोज संध्याकाळी बायका-मुली बघायला येतात, त्यांना हळदीकुंकू, पान-सुपारी आणि द्रोणात सुंडल. आपल्याकडे असलं काही नाही असं म्हणायची सोय नाही बरं का. माझी आजी मिरजेला चैत्रगौरीचं हळदीकुंकू करायची तेव्हा स्टुलं, पाट, डबे रचून पायऱ्याच करायची, वर झोपाळ्यात गौर आणि खाली घरातली झाडून सगळी खेळणी, कैरीची डाळ, पन्हं आणि ओटीत भिजवलेले हरभरे. मला लहानपणी त्यातला फक्त लाकडी पोपट आठवतो, त्याला हात लावला की धपाटा.

तर ट्रंका माळ्यावर मावल्या नाहीत. माळा आमच्या सुटकेसांनी भरलेला. त्या दोन्ही बेडखाली गेल्या आणि जून ते सप्टेंबर मी रोज झाडू मारताना त्यांना ठेचकाळले.

मामींनी जाताना तोंडी नियम सांगितले होते. एकदा सुरू केलं की मधे सोडायचं नाही, अगदीच जमलं नाही तर एक बाहुली तरी ठेवायची. दरवर्षी निदान एक नवीन घ्यायची. सुरुवात महालय अमावस्येला करायची, त्या दिवशी कमीत कमी एक बाहुली पायरीवर ठेवून द्यायची. हा तिसरा नियम मी सासूबाईंना फोनवर सांगितला आणि पलीकडे शांतता. आमचे घट सांगलीला सासूबाईंकडे बसतात, त्यांच्या हिशोबाने सर्वपित्री म्हणजे पितरांचा दिवस, त्या दिवशी कोणी शुभकार्याला हात लावतं का. मी म्हटलं अहो आई इथे सगळे तसंच करतात. "इथे म्हणजे तिथे," त्या म्हणाल्या. शेवटी तोडगा असा निघाला की पायऱ्या जोडणं हे शुभकार्य नाही, ते सुतारकाम आहे, ते अमावस्येला चालेल, आणि बाहुल्या दुसऱ्या दिवशी घटस्थापनेला मांडायच्या. मामींना हे कळवलं नाही. नंतर मनाला लागून राहिलं म्हणून रात्री साडेदहाला हळूच एक छोटा गणपती पायरीवर ठेवला. दोन्हीकडचं साधलं.

2025 ची सर्वपित्री 21 सप्टेंबरला, रविवारी आली, त्यामुळे नवरा आयता सापडला. पायऱ्या म्हणजे भोकं असलेल्या लोखंडी पट्ट्या आणि प्लायवूडच्या फळ्या, आपल्याकडे ऑफिसात फायलींचे रॅक असतात ना त्याच जातीचं. नटबोल्ट बोर्नविटाच्या जुन्या डब्यात. बोल्ट चाळीस, नट सदतीस. तासाभराने पाच पायऱ्या उभ्या राहिल्या आणि त्यावर हात ठेवला की सगळं डावीकडे डुलायचं, मग तीन नट आणायला नवरा खाली गेला तो दीड तासाने आला, कारण रविवार. आमच्या वेस्ट मांबलममधे रविवारी दुपारी नट मिळवणे हा एक स्वतंत्र लेख होईल.

मग ट्रंक उघडली.

डांबरगोळ्यांचा असा वास आला की पोरगा शिंकतच बाल्कनीत पळाला. वरती जुनी साडी, तिच्याखाली गाठोडी. प्रत्येक बाहुली आधी जुन्या धोतराच्या मऊ तुकड्यात, मग वर्तमानपत्रात, मग सुतळी. वर्तमानपत्रं वेगवेगळ्या वर्षांची, काही तमिळ काही इंग्लिश, एका पानावर सिनेमाच्या जाहिराती, एकावर स्थळांच्या. प्रत्येक पुडक्यावर स्केचपेनने आकडा. आणि आकड्यांचा अर्थ वहीत, आणि वही तमिळमधे. मला बोलायचं तमिळ भाजीवाल्यापुरतं येतं, वाचता अजिबात येत नाही. पोरगा शाळेत तमिळ शिकतो, चौथीत आहे, तो एकेक अक्षर लावत वाचायचा आणि तो शब्द मी मोठ्याने म्हणून बघायचे आणि मग आम्ही दोघं अंदाज बांधायचो. "म...यि...ल." मयिल. मोर! सापडला मोर.

त्या मोराचीच गोष्ट आधी सांगून टाकते कारण ती मनाला लागलीय. मुरुगन, म्हणजे आपला कार्तिकेय, मोरावर बसलेला, वीतभर उंच, मातीचा, मोराच्या पिसाऱ्यावर धूळ. मी ओल्या फडक्याने पुसलं. फडकं निळं झालं. मी अजून एकदा पुसलं, का ते विचारू नका, आणि फडकं अजून निळं झालं आणि मोराच्या पाठीवर तळहाताएवढी मातकट जागा उघडी पडली. मातीच्या जुन्या बाहुल्यांचे रंग पाण्याने निघतात, त्या कोरड्या ब्रशने झटकायच्या असतात, हे बिल्डिंगमधल्या सात वर्षांच्या मुलीलाही माहीत होतं असं नंतर कळलं. रडायलाच आलं. मामींना फोन करू की नको करत शेवटी केला. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "पुढून दिसतंय का?" म्हटलं नाही, मागच्या बाजूला आहे. "मग भिंतीकडे कर ना ती बाजू," म्हणाल्या, "तो काय मागे वळून दाखवणार आहे का." आणि मग सुनेबद्दल बोलत राहिल्या पंधरा मिनिटं.

मांडायचा क्रम असतो. सगळ्यात वर कलश आणि देव, खाली अवतार, मग संत-महात्मे, मग माणसं, लग्नं, बाजार, आणि सगळ्यात खाली जमिनीवर मुलांचं 'पार्क', म्हणजे मातीत धान्य उगवून केलेली बाग. मी दशावताराचा सेट लावत होते, मत्स्य कूर्म वराह पर्यंत ठीक, शेवटाकडे आले तर बुद्धच नाही. आमच्या लहानपणीच्या दशावताराच्या चित्रात बुद्ध होता म्हणजे होता. ट्रंक परत उलथीपालथी केली, पेपरचे बोळे उलगडून बघितले, नवऱ्याला म्हटलं एक हरवला, आता मामींना काय तोंड दाखवू. पोरगा शांतपणे मोजून म्हणाला, "आई, दहाच आहेत." मोजले, दहाच. मग नीट बघितलं तर कृष्णाच्या शेजारी एक गोरा गडी, खांद्यावर नांगर. बलराम! इकडच्या सेटमधे बुद्धाच्या जागी बलराम असतो. मी त्याला वेगळा काढून शेतकरी म्हणून भाजीवालीच्या शेजारी बसवायला निघाले होते.

आणि मरप्पाची. ही खरी गोलूची मालकीण म्हणायला हवी. लाकडाच्या, काळपट लाल, हातभर सुद्धा नाही, एक बाई एक पुरुष, नाक-डोळे जेमतेम कोरलेले, अंगावर कपडे नाहीत कारण कपडे आपण शिवायचे असतात. लग्नात मुलीला आईकडून ही जोडी मिळते आणि तिच्यावर तिचा गोलू सुरू होतो. वहीत पहिल्या पानावर पहिली ओळ हीच होती, 1974, मरप्पाची, पुढे 'अम्मा'. पैसे लिहिलेले नव्हते. मी जरीचा तुकडा शोधून तिला साडी गुंडाळली, आपली नऊवारी, कारण मला तीच गुंडाळता येते, आणि त्याला पंचा. छान दिसत होते दोघं. त्याला पगडी घालायचा मोह आवरला.

तिसऱ्या दिवशी माझी आई सांगलीहून आली. चप्पल काढून सरळ गोलूसमोर, वर बघितलं आणि म्हणाली, "अगं ही तर आपली रक्तचंदनाची बाहुली!"

मी म्हटलं कुठली. ती म्हणाली आजीच्या सहाणेजवळ असायची ती. आणि मला एकदम आठवली. मिरजेच्या घरात देवघराच्या खालच्या खणात सहाण, मायफळ, हळकुंड, वेखंड आणि एक लाल लाकडाची बाहुली. मुका मार लागला, पाय मुरगळला, सूज आली की आजी ती बाहुली पाण्यात बुडवून सहाणेवर उगाळायची आणि तो लाल लेप कोमट करून लावायची. आम्ही तिला बाहुली म्हणायचो खरं पण ती बाहुली आहे हे कधी डोक्यात आलंच नव्हतं, ते औषध होतं. वर्षानुवर्षं डोक्याकडून उगाळून उगाळून तिचा चेहरा गेलेला, कपाळ तिरकं सपाट, पॉलिश केल्यासारखं गुळगुळीत. रक्तचंदनाचं झाड मुळात तिरुपतीच्या बाजूच्या डोंगरांत उगवतं, आंध्रात, तिथूनच यात्रेकरूंबरोबर या बाहुल्या घरोघर गेल्या असणार असं आईचं म्हणणं, आजी तिरुपतीला जाऊन आली होती एवढं नक्की. इकडच्या मामी सांगतात की पूर्वी बाळांना चोखायला पण हीच बाहुली द्यायचे, लाकूड औषधी म्हणून. म्हणजे एकच बाहुली, इथे ती जरी नेसून सगळ्यात वरच्या पायरीवर बसते आणि आमच्याकडे सहाणेवर झिजते.

आईचा गुडघा प्रवासाने सुजला होता. रात्री ती गोलूकडे बघत म्हणाली, "थोडीशी उगाळली तर?" मी म्हटलं आई, हात लावू नकोस. ती हसत होती पण मला खात्री नव्हती. झोपायच्या आधी मी जोडी तिथेच आहे ना बघून आले.

आता लोकांना बोलावण्याचा भाग. पहिल्या दिवशी संध्याकाळी मी बिल्डिंगच्या व्हॉट्सअप ग्रुपवर मेसेज टाकला, फोटो, सोबत हात जोडल्याच्या तीन इमोजी, सगळे सहानंतर या. दीड किलो काबुली चणे शिजवले. कोणी आलं नाही. म्हणजे सहा ते साडेआठ मी काठापदराची साडी नेसून सोफ्यावर बसलेले आणि समोर बाहुल्या माझ्याकडे बघतायत. दुसऱ्या मजल्यावरच्या मामी रात्री कचरा टाकायला आल्या तेव्हा जिन्यात भेटल्या, म्हणाल्या तू कुंकू घेऊन कुठे आलीस बोलवायला? मेसेजवर येत नाहीत कोणी. दारोदार जायचं, कुंकवाची डबी पुढे करायची, "आमच्याकडे गोलू आहे, या" म्हणायचं. मग कळलं की आपल्याकडे तरी संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं आमंत्रण पूर्वी असंच असायचं, मीच विसरले. दुसऱ्या दिवशी पोराला शर्ट घालून, डबी हातात देऊन, सोळा फ्लॅट फिरले. सोळापैकी पाच घरांत मी सहा वर्षांत पहिल्यांदा पाऊल टाकत होते. त्या संध्याकाळी तेवीस बायका आल्या आणि चणे पुरले नाहीत. दीड किलो आदल्या दिवशी आम्हीच खाल्ले होते ना, आणि कामवाल्या अक्कांनी, आणि वॉचमनने.

सुंडल म्हणजे काय, कोरडी उसळ. कडधान्य रात्री भिजवायचं, मीठ घालून शिजवायचं पण मोडू द्यायचं नाही, फोडणीत मोहरी, उडदाची डाळ, लाल मिरची, हिंग, कढीपत्ता, वरून ओला नारळ. कांदा लसूण नाही. रोज वेगळं, चणे, चवळी, वाटाणे, मूग, हरभऱ्याची डाळ, शेंगदाणे. मी चवळीच्या दिवशी हाताच्या सवयीने गुळाचा खडा टाकला. एका आजींनी घास घेतला, थांबल्या, अजून एक घेतला आणि "डिफरंट" म्हणाल्या. तिथेच एक बाई उगाच "परवाइल्लै, परवाइल्लै" करत होत्या, म्हणजे चालतंय हो, वाईट नाही. चवळी उरली. 2025 ला तिथी वाढल्यामुळे नवरात्र नऊऐवजी दहा दिवसांचं झालं, 22 सप्टेंबर ते 1 ऑक्टोबर, त्यामुळे एक दिवस जास्तीचा आणि कडधान्यं संपलेली, तेव्हा आईने वाटली डाळ केली. ओल्या नारळाची मुठभर भर घालून. ती मात्र चाटूनपुसून गेली आणि तीन जणींनी रेसिपी मागितली, आईचा भाव एकदम वधारला.

ब्लाउजपीसबद्दल दोन शब्द. येणारीला पान, सुपारी, केळं, हळदीकुंकवाची पुडी आणि एखादी वस्तू द्यायची, बहुतेक वेळा ब्लाउजपीस. मी दुसऱ्या दिवशी दिलेला मोरपंखी ब्लाउजपीस सहाव्या दिवशी मला चार घरं लांबच्या गल्लीतून परत मिळाला, घडीत माझीच टाचणी. सांगलीत आणि मांबलममधे काहीही फरक नाही.

गाणं म्हणायला लावतात हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. बाई आली, बसली, बघून झालं की यजमानीण म्हणते एक गाणं म्हण, आणि ती खरंच म्हणते, लाजत बिजत नाही, चौथीतल्या मुली रागाचं नाव सांगून सुरू करतात. मला कोणी म्हण म्हणेल या भीतीने मी सतत स्वयंपाकघरात. आई मात्र बसली मांडी घालून आणि भोंडल्याचं गाणं म्हटलं, टाळ्या वाजवत, सगळी कडवी. गोलूतल्या वरातीतला मातीचा हत्ती तिने आधी खाली पाटावर काढून घेतला होता, भोंडल्याला हत्ती पाहिजे म्हणून. इकडच्या मुली आधी बघत राहिल्या, मग फेर धरला. हॉलमधे फेर धरायला जागा नाही हो, दोनदा पायऱ्या हलल्या, माझं लक्ष गाण्यात नव्हतंच, डावीकडच्या त्या नवीन तीन नटांवर होतं.

तेव्हाच कोपऱ्यातल्या एक आजी उठून आईजवळ आल्या आणि मराठीत बोलायला लागल्या. म्हणजे मराठीच, पण मला दोनदा विचारावं लागलं, शब्द आपले आणि चाल तमिळ. त्या तंजावरच्या, इथे त्यांच्या लोकांना रायर म्हणतात. तंजावरला 1675 च्या सुमारापासून 1855 पर्यंत भोसल्यांचं राज्य होतं, तेव्हाच कधीतरी त्यांचे पूर्वज तिकडे गेले आणि घरात अजून हीच भाषा. आई म्हणाली तुमच्याकडे पण गोलू असतो? त्या म्हणाल्या असतो की, आम्ही काय तमिळ नाही काय. मग त्यांनी माझ्या मरप्पाचीची नऊवारी बघितली आणि कासोटा नीट नाही म्हणून स्वतः सोडून परत नेसवली. माझ्यापेक्षा कितीतरी चांगली.

नवीन बाहुली घ्यायला आम्ही मैलापूरला गेलो होतो, ते राहिलंच सांगायचं. कपालीश्वर देवळाच्या तळ्याजवळ, नॉर्थ माडा स्ट्रीटला, नवरात्राच्या आधी बाहुल्यांचे स्टॉल लागतात. तिकडे मेट्रोचं काम चालू होतं, रिक्षावाल्याने लांबच सोडलं. पण्रुटीच्या, कांचीपुरमच्या, चेन्नईतच कोसपेटच्या कुंभारांच्या, माती आणि कागदाचा लगदा असे दोन प्रकार, लगद्याची हलकी असते आणि पडली तरी लगेच फुटत नाही पण मातीच्या चेहऱ्यावर जे येतं ते तिच्यात येत नाही असं माझं मत. नवऱ्याचं मत, हलकी घे. त्याला ट्रंक उचलायची होती. क्रिकेटची अख्खी टीम होती, लग्नाची पंगत होती, केळीच्या पानावर वाढलेले पदार्थ सुद्धा मातीचे, आणि तेवढ्यात मला विठोबा दिसला. पांडुरंग-रखुमाई, जोडी, विटेसकट, कंबरेवर हात. फक्त रंग आकाशी निळा आणि कपाळाला उभं नामम, म्हणजे वैष्णवांचा टिळा. बाई नऊशे म्हणाली, मी तमिळमधे घासाघीस केली, साडेसहाशेला दिला, नवरा म्हणतो माझं तमिळ ऐकवेना म्हणून दिला. इकडे भजनांमधे पांडुरंगाला फार मान आहे, त्यामुळे घरी आलेल्या प्रत्येक बाईने आधी त्यालाच नमस्कार केला.

पार्क फक्त एकदम जमलं. घटात धान्य पेरायची सवय असल्याने माती, गहू, मोहरी, पाणी किती, कशावर झाकायचं, हे मला आणि आईला कोणी शिकवायला नको होतं. पाचव्या दिवशी हिरवंगार. शेजारच्या मामींची मोहरी कुजली होती, त्या येऊन खाली वाकून बघून गेल्या. मी काही बोलले नाही. फक्त जरा जास्त वेळ दार उघडं ठेवलं.

पोराचं खातं म्हणजे चेट्टियार. पोट सुटलेला वाणी आणि त्याची बायको, बसलेले, समोर दुकान. दुकानात खरं धान्य ठेवायचं असतं, अंगठ्याएवढ्या पितळी वाट्यांत तांदूळ, तूरडाळ, मीठ, मिरी, आणि पुढ्यात इवलासा पितळी तराजू, पारडी कानातल्या कुडाच्या आकाराची. पोराने दहा दिवस दुकान चालवलं. भाव लिहिले. तूरडाळ बाजारापेक्षा महाग लावली होती, आईने तक्रार केली तर म्हणाला हा चेट्टियार होम डिलिव्हरी देतो. नवमीला, म्हणजे 1 ऑक्टोबरला, सरस्वतीपूजा, पुस्तकं गोलूसमोर ठेवली आणि विजयादशमीपर्यंत अभ्यास बंद. आपली खंडेनवमीच की, मी त्याला सांगितलं. त्याने शाळेचं पूर्ण दप्तर ठेवलं, टिफिनसकट. टिफिनमधे पोळी होती. दसऱ्याला सापडली.

विजयादशमीच्या रात्री आरती करून एक बाहुली आडवी करून ठेवायची, दरबार संपला, आता झोपा. बहुतेक घरांत मरप्पाचीलाच निजवतात. पण त्या दिवशी 2 ऑक्टोबर होता आणि तिसऱ्या पायरीवर मामींचे गांधीजी होते, काठी घेतलेले, चष्म्याची एक काडी तुटलेली. पोराचा हट्ट, आज त्यांचा बर्थडे, दिवसभर उभे आहेत, त्यांना झोपवा. नवरा म्हणाला लॉजिक बरोबर आहे. शेवटी मरप्पाची पण आडवी केली आणि गांधीजी पण, त्यांना रुमालाची उशी.

दुसऱ्या दिवसापासून खरं काम. फोटोत पाच पायऱ्या, समई, साड्या दिसतात, आणि नंतर दोन दिवस जमिनीवर बसून एकशे अकरा बाहुल्या गुंडाळायच्या, कंबरेचा काटा ढिला होतो, तो फोटो कोणी काढत नाही. जड खाली, हलकं वर, हातापायांची टोकं वरच्या बाजूला, सेट एकत्र, मामींचा आकडा मामींच्या त्याच पुडक्यावर. मामींचे पेपर काही ठिकाणी भुगा झाले होते. आमच्याकडे पेपर येत नाही, मोबाईलवर वाचतो. आईने येताना चकल्या आणि मेतकुटाचे डबे सांगलीच्या पेपरात गुंडाळून आणले होते, ते तिने जपून ठेवलेले, ते वापरले. मत्स्यावतारावर ऊसदराची बातमी आली. चष्म्याची काडी स्वतंत्र कागदात. मोर मी दोन धोतरं गुंडाळून ठेवला, माफी म्हणून.

वहीत प्रत्येक वर्षाची एकेक ओळ आहे, वर्ष, काय घेतलं, कितीला. पोराकडून सगळी वाचून घेतली. 1982 ला दशावतार. काही वर्षांसमोर फक्त 'इल्लै', नाही. घरात कोणी गेलं की त्या वर्षी गोलू मांडत नाहीत. असे चार 'इल्लै' आहेत, एकापुढे तारीख पण आहे, मामा गेले ते वर्ष असावं. मी विचारलं नाही.

त्याखाली मी लिहिलं, मराठीत, कारण दुसरं येत नाही. "2025. पांडुरंग-रखुमाई, 650 रु. मोराची पाठ भिंतीकडे. नट 3 नवीन. तराजू हरवला." तराजू खरंच कुठे सापडत नव्हता, सोफा हलवला, पायऱ्यांच्या खाली बघितलं, कचऱ्याचा डबा सुद्धा उपसला. ट्रंक बंद करून बेडखाली ढकलली आणि आईला गाडीत बसवून आले.

काल फोडणी करताना मसाल्याचा डबा उघडला तर मोहरीच्या वाटीत तो. पोराने पार्कसाठी मोहरी मोजून नेली होती म्हणे, आणि परत आणून दिली, तराजूसकट. आता त्याच्यासाठी ट्रंक कोण ओढणार. वहीतलं "हरवला" खोडून "मसाल्याच्या डब्यात" लिहिलंय, पेनाने, पुढच्या वर्षी कोणाला तरी लागेल.